सिॲटल पायलट्सची कार्डे: विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंचा संग्रह कसा करावा

बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूचे छायाचित्र आणि कामगिरी छापलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रिकांचा, संग्रह सुरू करणारा बहुतेक जण मोठ्या नावांच्या मागे लागतो आणि थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकते की त्या नावांच्या किमती आपल्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. ज्याला एखाद्या संघाविषयी मनापासून ओढ आहे, त्याने उलट्या दिशेने जावे, म्हणजे त्या संघाकडून चार-दोन सामने खेळून निघून गेलेल्या, आज कोणाच्याही लक्षात नसलेल्या खेळाडूंची कार्डे जमवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा बेताचा लागतो, अभ्यास मात्र पुष्कळ करावा लागतो, आणि संघाचा खरा इतिहास हाती लागतो तो याच वाटेने. ही पद्धत समजावून सांगण्यासाठी मी सिॲटल पायलट्स हा संघ निवडला आहे, कारण तो 1969 चा एकच हंगाम खेळला आणि त्याचे जवळजवळ सगळेच खेळाडू आज विस्मृतीत गेलेले आहेत. रेडमंड-बेलव्ह्यू परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना सिॲटलचा संघ म्हणजे मरिनर्स एवढेच ठाऊक असते. मरिनर्स 1977 मध्ये आले. त्यांच्याआधी याच शहरात अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी एकीचा) एक संघ येऊन गेला होता, हे तिथे वाढलेल्या पुष्कळ मुलांनाही माहीत नसते.

आधी इतिहास थोडक्यात पाहू, कारण तो ठाऊक नसेल तर कार्डांवरच्या अनेक गोष्टींचा उलगडा होत नाही. पायलट्स आणि कॅन्सस सिटी रॉयल्स हे अमेरिकन लीगचे दोन नवे संघ होते आणि ऑक्टोबर 1968 मध्ये झालेल्या विस्तार-निवडीतून इतर संघांनी मोकळे सोडलेले खेळाडू त्यांना मिळाले. पायलट्सचे मैदान सिक्स स्टेडियम आणि व्यवस्थापक जो शुल्ट्झ. हंगामात 64 विजय आणि 98 पराभव पदरी पडले, प्रेक्षक कमी, मालकांचा पैसा संपलेला. 1970 चा हंगाम तोंडावर आला असताना 31 मार्चला दिवाळखोरी मान्य झाली, संघ विकला गेला आणि 7 एप्रिलला त्याने मिलवॉकी ब्रूअर्स या नावाने पहिला सामना खेळला. या अवघ्या आठवड्याभराच्या घाईचे पडसाद कार्डांवर कसे उमटले ते पुढे येईलच.

पहिले काम खरेदीचे नसून यादीचे आहे. दोन याद्या स्वतंत्रपणे तयार कराव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पहिली यादी मैदानाची, म्हणजे त्या संघाकडून प्रत्यक्ष एक तरी सामना खेळलेल्या प्रत्येक खेळाडूची. ती ‘बेसबॉल रेफरन्स’ या संकेतस्थळावर 1969 च्या पायलट्सच्या पानावर तयार मिळते. कोण किती सामने खेळला, कोणत्या जागी खेळला, सगळे तिथे आहे. एकाच हंगामात या संघाने पन्नासहून अधिक खेळाडू वापरले, त्यामुळे ही यादी दिसते त्यापेक्षा लांब भरते. दुसरी यादी छापखान्याची, म्हणजे ज्या ज्या कार्डावर ‘पायलट्स’ असे छापलेले आहे त्या प्रत्येक कार्डाची. त्यासाठी ‘ट्रेडिंग कार्ड डेटाबेस’ उपयोगी पडतो, कारण तिथे वर्ष, संघ आणि खेळाडू अशा तिन्ही अंगांनी शोध घेता येतो. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की संग्राहकाच्या खऱ्या कामाला सुरुवात होते, कारण त्या जुळत नाहीत, आणि जिथे त्या जुळत नाहीत तिथेच विस्मृतीत गेलेले खेळाडू सापडतात.

उदाहरणच घेऊ. टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीच्या 1969 च्या संचात 394 क्रमांकाचे ‘पायलट्स रूकीज’ (पायलट्सचे नवोदित) असे कार्ड आहे आणि त्यावर लू पिनिएला आणि मार्व्ह स्टेली यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली आहेत. या दोघांपैकी एकही जण पायलट्सकडून लीगचा एकसुद्धा सामना खेळला नाही. पिनिएलाला हंगाम सुरू होण्यापूर्वी, 1 एप्रिलला, कॅन्सस सिटीला देऊन टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी तो रॉयल्सकडून अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. स्टेली त्या वर्षी माँट्रियल एक्स्पोजकडून खेळला. म्हणजे छापखान्याच्या यादीत दोन नावे आहेत आणि मैदानाच्या यादीत शून्य. आता पिनिएलाच्या बदल्यात कोण आले ते पाहावे: पिचर (चेंडू टाकणारा) जॉन गेल्नर आणि आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) स्टीव्ह व्हिटेकर. हे दोघे मात्र पायलट्सच्या गणवेशात खरोखर मैदानावर उतरले. पिनिएलाचे कार्ड महाग असते, कारण तो पुढे मोठा खेळाडू आणि मोठा व्यवस्थापक झाला. पायलट्सच्या संग्राहकाला मात्र गेल्नरचे स्वस्त कार्ड अधिक मोलाचे वाटले पाहिजे. ज्याला हे पटत नसेल, त्याने या प्रकारच्या संग्रहाच्या वाटेला जाऊ नये असेच मी म्हणेन.

1970 च्या संचात उलट प्रकार दिसतो. जानेवारी 1970 मध्ये डॉन मिन्चर आणि रॉन क्लार्क यांना ओकलंडला देऊन पायलट्सने लू क्रॉस, फिल रूफ, माइक हर्शबर्गर आणि केन सँडर्स यांना घेतले. मिन्चर हा विस्तार-निवडीत पायलट्सने घेतलेला पहिला खेळाडू होता. क्रॉस आणि रूफ यांची 1970 ची कार्डे पायलट्सच्या नावाने निघाली. परंतु त्यांचा पहिला खरा सामना येईपर्यंत संघ मिलवॉकीला पोहोचलेला होता, त्यामुळे ‘पायलट्स’ म्हणून ते कधी खेळलेच नाहीत. वॉशिंग्टनकडून आलेल्या डेव्ह बॉल्डविनच्या कार्डाचीही तीच कथा आहे. अशा कार्डांना संग्रहात जागा द्यायची की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे, मात्र आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे. माझा नियम असा की मैदानावर खेळलेले खेळाडू हा मूळ संग्रह, आणि केवळ कार्डावर पायलट्स असलेले खेळाडू ही वेगळ्या खणातली पुरवणी. दोन्ही एकत्र ठेवल्यास आपल्याला नक्की काय हवे आहे याचे भान हळूहळू सुटते आणि संग्रहाची नुसती साठवण होते.

यादी तयार करताना साध्या तक्त्यात पुढील गोष्टींसाठी रकाने ठेवावेत: नाव, जन्मतारीख, संघाकडून खेळलेले सामने, संघाच्या नावाचे कार्ड असल्यास वर्ष आणि क्रमांक, नसल्यास दुसऱ्या कोणत्या संघाच्या नावाने कार्ड आहे, आणि कार्डाची सध्याची स्थिती. जन्मतारखेचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण नामसाधर्म्यामुळे तो फार कामाला येतो. पायलट्सकडून 1969 मध्ये चार सामने खेळलेला बिली विल्यम्स हा अनेक वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, घालवून वयाच्या सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, पोहोचलेला आउटफिल्डर होता, आणि त्याला तिथे एकही हिट मिळाली नाही. त्याचे नाव शोधायला जावे तर शिकागो कब्जकडून खेळलेल्या आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात) असलेल्या बिली विल्यम्सची कार्डे ढिगाने समोर येतात. इनफिल्डर जॉन केनेडीचा शोध घ्यावा तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची चित्रे येतात, आणि गंमत म्हणजे दोघांचा जन्मदिवसही 29 मेच आहे, फक्त वर्ष वेगळे. पिचर माइक मार्शलच्या नावाचा एक वेगळाच खेळाडू पुढे 1980 च्या दशकात डॉजर्सकडून खेळला, आणि हा पिचर मार्शलही 1974 मध्ये डॉजर्सकडूनच साय यंग पुरस्काराचा (लीगमधल्या सर्वोत्कृष्ट पिचरला मिळणाऱ्या) मानकरी होता, त्यामुळे तिथे तर गोंधळ आणखीच वाढतो. म्हणून विक्रीच्या संकेतस्थळांवर नुसत्या नावाने कधीच शोधू नये. वर्ष, कंपनी आणि कार्डाच्या मागच्या बाजूवरचा क्रमांक ही तिन्ही एकत्र टाकावीत.

आता प्रत्यक्ष कार्डांकडे वळू. 1969 आणि 1970 मध्ये बेसबॉल कार्डांच्या बाजारात टॉप्स ही जवळपास एकमेव कंपनी होती. फ्लीअर आणि डॉनरस यांना पूर्ण संच काढण्याची वाट 1981 मध्ये मोकळी झाली. हे संग्राहकाच्या पथ्यावर पडणारे आहे, कारण शोधण्याचे क्षेत्र आपोआप मर्यादित होते. मुख्य संच दोनच, आणि जोडीला कॅनडात ओ-पी-ची कंपनीने काढलेल्या आवृत्त्या. 1970 च्या ओ-पी-ची कार्डांची मागची बाजू इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आहे, आणि तो संच 546 कार्डांवर थांबतो, तर टॉप्सचा 720 पर्यंत जातो.

1969 च्या संचात पायलट्सचा गणवेश जवळजवळ दिसतच नाही. संघ नवा, त्याचा सराव अजून सुरू व्हायचा होता, आणि त्यात भर म्हणजे खेळाडूंच्या संघटनेने मोबदल्याच्या वादातून 1968 मध्ये टॉप्सच्या छायाचित्रकारांसमोर उभे राहण्यास नकार दिला होता. त्यामुळे जुनी छायाचित्रे वापरली गेली. खेळाडू टोपीशिवाय उभे आहेत, किंवा टोपीवरचे जुन्या संघाचे चिन्ह रंगाने पुसलेले आहे. चित्राच्या खाली मोठ्या अक्षरांत संघाचे नाव, वरच्या कोपऱ्यातल्या रंगीत वर्तुळात खेळाडूचे नाव आणि जागा. पाहणाऱ्याला हे कार्ड फसवे वाटते, पण त्या हिवाळ्यात हा संघ खरोखर कागदावरच होता, आणि त्या अर्थाने ही कार्डे अगदी प्रामाणिक आहेत.

1970 ची कार्डे याच्या नेमकी उलट. चारही बाजूंना करडी चौकट, वरच्या कोपऱ्यात रंगीत अक्षरांत ‘पायलट्स’, खाली करड्या पट्टीवर वळणदार अक्षरांत खेळाडूचे नाव, आणि चित्रात तो प्रसिद्ध गणवेश: जहाजाच्या कप्तानाच्या टोपीसारखी टोपी, तिच्या पुढच्या छज्जावर सोनेरी वेलबुट्टी आणि मधोमध ‘एस’ हे अक्षर. हा गणवेश एकच वर्ष वापरला गेला. टॉप्सची कार्डे टप्प्याटप्प्याने बाजारात येत; संघ एप्रिलमध्ये मिलवॉकीला गेला तरी छपाईची तयारी झालेली असल्याने उन्हाळ्यात आलेल्या शेवटच्या टप्प्यांतही ‘पायलट्स’ असेच छापलेले राहिले. अस्तित्वात नसलेल्या संघाची कार्डे मुले महिनोन्‌महिने विकत घेत होती. टॉप्सच्या इतिहासात मला याहून सुंदर अपघात माहीत नाही. पायलट्सचा संग्रह करताना पैशाचा मोठा वाटा म्हणूनच 1970 च्या संचावर खर्च करावा.

खरेदीच्या दृष्टीने या टप्प्यांचे महत्त्व नीट समजून घ्यावे. 1970 च्या संचात सुरुवातीच्या टप्प्यांची कार्डे भरपूर छापली गेली, त्यामुळे मध्यम स्थितीतले साधे कार्ड आजही एक-दोन डॉलरांत मिळू शकते. 547 पासून पुढे उपलब्धता कमी होत जाते आणि 634 ते 720 या शेवटच्या टप्प्यात तर ती फारच कमी आहे, कारण तो टप्पा दुकानात येईपर्यंत मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेले असे आणि दुकानदार नवा माल घेत नसत. पायलट्सचे सामूहिक छायाचित्र असलेले 713 क्रमांकाचे कार्ड नेमके याच टप्प्यात येते. संपूर्ण संघ एकत्र दिसणारे हे कार्ड पायलट्सच्या प्रत्येक संग्राहकाला हवे असते, म्हणून त्याची किंमत इतरांपेक्षा चढी राहते. घाई करून पहिलेच दिसलेले घेऊ नये. मधोमध छापलेले, घडी न पडलेले कार्ड मिळेपर्यंत थांबावे. 1969 च्या संचातही 589 ते 664 हा शेवटचा टप्पा तुलनेने कमी मिळतो.

या साऱ्यात एका कार्डाविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे. 1970 चे 88 क्रमांकाचे ‘पायलट्स रूकीज’ कार्ड म्हणजे मिगेल फुएन्तेस आणि डिक बेनी या दोन पिचरांची एकत्र छायाचित्रे. फुएन्तेस पोर्तो रिकोचा. हंगामाच्या शेवटच्या महिन्यात तो संघात आला, आठ सामने खेळला, एक जिंकला, तीन हरला. 2 ऑक्टोबर 1969 रोजी सिक्स स्टेडियमवर ओकलंडविरुद्ध झालेल्या शेवटच्या सामन्यात नववी इनिंग त्यानेच टाकली, म्हणजे पायलट्सच्या इतिहासातला अखेरचा चेंडू याच मुलाच्या हातून सुटला. पुढच्या जानेवारीत तो आपल्या गावाकडे असताना त्याला गोळी घालण्यात आली आणि तो गेला, वय 23. कार्ड मुलांच्या हाती पडले तेव्हा तो हयात नव्हता. त्याचे टॉप्सचे दुसरे कार्ड नाही. हे कार्ड पहिल्याच टप्प्यातले असल्याने अत्यंत स्वस्त मिळते, आणि बहुतेक विक्रेते ते ‘कॉमन’ म्हणून इतर पन्नास कार्डांबरोबर डब्यात टाकून ठेवतात. पायलट्सचा संग्रह करणाऱ्याने पहिले कार्ड हेच घ्यावे असा माझा आग्रह आहे. घेतल्यावर मागच्या बाजूचा निळ्या-पिवळ्या रंगातला मजकूरही वाचावा. आकड्यांच्या त्या छोट्याशा रांगेत त्याची संपूर्ण कारकीर्द मावलेली आहे.

खरेदी कुठून करावी? सुरुवात संघाच्या एकगठ्ठा विक्रीपासून करणे सर्वांत किफायतशीर ठरते. ईबेवर 1970 च्या पायलट्सची पंधरा-वीस कार्डे एकत्र विकणारे विक्रेते नेहमी असतात. असा एक गठ्ठा घेतला की निम्मी यादी एका फटक्यात पूर्ण होते आणि उरलेली कार्डे एकेक करून घेता येतात. एकेक कार्डासाठी स्पोर्टलॉट्स आणि कॉमसी ही संकेतस्थळे अधिक सोयीची आहेत. कॉमसीवर प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे असतात आणि घेतलेली कार्डे त्यांच्याकडेच साठवून ठेवून हवी तेव्हा एकत्र मागवता येतात. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून संग्रह करणाऱ्यासाठी ही सोय फार मोठी आहे, कारण डॉलरभराच्या कार्डासाठी दहा-पंधरा डॉलरांचा टपालखर्च करण्यात अर्थ नाही. वर्षभर घेत राहावे आणि वर्षातून एकदा एकत्र मागवावे, किंवा सिॲटलकडून सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवून त्यांच्याबरोबर आणवावे. टपालाने मागवल्यास सीमाशुल्क लागू शकते हे हिशेबात धरावे आणि विक्रेत्याला पाकिटावर खरी किंमतच लिहायला सांगावी. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र गावोगावच्या कार्ड प्रदर्शनांना जरूर जावे. तिथे ‘कॉमन’ कार्डांच्या लांबलचक डब्यांवर क्रमांकानुसार बोट फिरवत जाण्यात जे समाधान मिळते ते पडद्यावर मिळत नाही, शिवाय टपालखर्चही वाचतो. जाताना क्रमांकांची छापील यादी खिशात असावी.

कार्ड हातात घेतल्यावर काय पाहावे याबद्दल नवखे लोक एक तर फार बेफिकीर असतात किंवा फार काटेकोर. चारही कोपरे, चारही कडा, पृष्ठभागावरची घडी आणि चित्र चौकटीत मधोमध आहे का, या चार गोष्टी पाहाव्यात. तिरप्या उजेडात कार्ड धरले की सरळ पाहताना न दिसणारी बारीक घडी लगेच दिसते. मागच्या बाजूला मेणाचा किंवा च्युइंगगमचा डाग असेल तर विक्रेता किंमत कमी करतो. असा डाग हा त्या काळच्या, मेणकागदाच्या आणि च्युइंगगम घातलेल्या पाकिटातून कार्ड आल्याची खूण आहे आणि विस्मृतीतल्या खेळाडूच्या कार्डावर तो मला मुळीच खटकत नाही. खटकावी ती कापलेली कड. काही जण झिजलेल्या कडा ब्लेडने साफ कापून कार्ड नवे भासवतात. त्या काळच्या टॉप्स कार्डाचे माप अडीच बाय साडेतीन इंच आहे, त्याहून लहान किंवा कडा अनैसर्गिक धारदार असलेले कार्ड परत करावे. स्वस्त कार्डांची नक्कल करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, परंतु 394 आणि 713 घेताना भिंगातून छपाईचे ठिपके पाहावेत. पुनर्मुद्रणात अक्षरांच्या कडाही ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात, तर मूळ छपाईत काळी अक्षरे सलग असतात.

पीएसए किंवा एसजीसी यांसारख्या संस्थांकडून दर्जा ठरवून प्लास्टिकच्या बंद पेटीत घातलेली कार्डे या संग्रहासाठी घेऊ नयेत. त्या पेटीचा खर्च बहुतेक वेळा आतल्या कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त असतो, आणि पन्नास-साठ पेट्या ठेवायला कपाट लागते. अपवाद वर सांगितलेल्या दोन महागड्या कार्डांचा.

आता सर्वांत कठीण भाग: मैदानाच्या यादीतली अशी नावे, ज्यांचे पायलट्सच्या नावाचे कार्ड टॉप्सने काढलेच नाही. जिम बाउटन हे त्यातले सर्वांत ठळक नाव. तो पन्नासहून अधिक सामन्यांत पायलट्सकडून पिचिंग करूनही ना 1969 च्या संचात आहे ना 1970 च्या. ऑगस्टमध्ये तो ह्यूस्टनच्या संघात गेला. बिली विल्यम्ससारखे आणखीही काही आहेत. अशा खेळाडूंसाठी तीन वाटा आहेत आणि त्या याच क्रमाने चोखाळाव्यात.

पहिली वाट नंतर निघालेल्या संचांची. 1983 मध्ये रेनाटा गालासो या विक्रेत्या कंपनीने केवळ 1969 च्या पायलट्सचा चाळीसहून अधिक कार्डांचा संच काढला. तो मूळ काळातला नाही म्हणून काही संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्यांना त्या वर्षी कोणीच छापले नाही त्यांना चौदा वर्षांनी का होईना कोणीतरी छापले ही त्या संचाची मोठी कामगिरी आहे, आणि तो पूर्ण संच एकत्र सहज मिळतो. दुसरी वाट त्याच खेळाडूच्या दुसऱ्या संघाच्या कार्डाची. पायलट्सच्या नावाचे कार्ड नसेल तर 1969 च्या सर्वांत जवळच्या वर्षाचे, कोणत्याही मेजर लीग संघाचे कार्ड घ्यावे आणि तक्त्यात तशी नोंद करावी. म्हणजे बाउटनच्या जागी 1968 चे यांकीजचे कार्ड येईल.

तिसरी वाट स्वाक्षरीची. खेळाडू हयात असेल तर त्याला पत्र लिहून साध्या पुठ्ठ्याच्या पत्रिकेवर स्वाक्षरी मागता येते. पत्र हाताने लिहावे, एका पानाच्या आत संपवावे, सोबत आपला पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले परतीचे पाकीट ठेवावे आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त गोष्टींवर सही मागू नये. भारतातून पाठवताना अमेरिकी टपाल तिकिटे लागतील, ती तिथल्या ओळखीच्या व्यक्तीकडून मागवून ठेवावीत. पत्रात त्या खेळाडूच्या एखाद्या नेमक्या सामन्याचा उल्लेख करावा. ‘रेट्रोशीट’वर त्या हंगामातील सामन्यांचे तपशील मिळतात आणि अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था सेबर हिच्या चरित्र प्रकल्पात अनेक पायलट्सवर उत्तम लेख आहेत. सिॲटलमधला पहिला सामना 11 एप्रिल 1969 रोजी झाला आणि पिचर गॅरी बेलने शिकागो व्हाइट सॉक्सला 7-0 असे हरवले, अशासारखा तपशील पत्रात असला की लिहिणाऱ्याने खरोखर अभ्यास केला आहे हे वाचणाऱ्याला जाणवते. हे खेळाडू आता वृद्ध आहेत आणि पुष्कळ जण राहिलेलेही नाहीत, तेव्हा उत्तर आले नाही तर पुन्हा पत्र पाठवून तगादा लावू नये. मिळालेला पत्ता कोणालाही देऊ नये, स्वाक्षरी विकू तर मुळीच नये.

या तिन्ही वाटा खुंटल्या तर स्वतः कार्ड तयार करून ती जागा भरता येते. 1970 च्या टॉप्सची करडी चौकट आणि अक्षरांचे वळण सहज नक्कल करता येण्याजोगे आहे. पण मागच्या बाजूला ‘खासगी संग्रहासाठी तयार केलेले, 1970 मधील मूळ कार्ड नव्हे’ असे ठळक छापावे, आणि ते विकू नये. आपल्या पश्चात कार्डे कोणाच्या हाती जातील हे सांगता येत नाही, आणि त्यांची फसवणूक आपल्या हातून होऊ नये.

साठवणुकीच्या बाबतीत हवामानाचा विचार आधी करावा. सिॲटलमध्ये आणि मुंबई-कोकणातही दमट हवा हा कागदाचा मुख्य शत्रू आहे. प्रत्येक कार्ड आधी पातळ पारदर्शक पिशवीत घालावे आणि मग नऊ खणांच्या पानात ठेवावे. पान घेताना त्यावर पीव्हीसी-मुक्त असे लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण पीव्हीसी वर्षांनुवर्षे कार्डाला चिकटत जाते आणि पृष्ठभाग खराब करते. महागडी दोन-तीन कार्डे कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये वेगळी ठेवावीत. रबरबँड अजिबात वापरू नये. पावसाळ्यात फाइल भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि त्या पुड्या दर महिन्याला वाळवाव्यात. पानांची मांडणी क्रमांकानुसार न करता संघात येण्याच्या तारखेनुसार करून पाहावी. पहिल्या पानावर विस्तार-निवडीतले मिन्चर आणि त्याचे सोबती, मधल्या पानांवर हंगामात आलेले-गेलेले, आणि अखेरीस सप्टेंबरमध्ये आलेल्या फुएन्तेससारखे नवखे. जिथे कार्ड मिळालेले नाही तिथला खण रिकामा सोडून त्यात नावाची आणि सामन्यांच्या संख्येची चिठ्ठी घालावी.

पायलट्सऐवजी मोठा इतिहास असलेला संघ निवडणाऱ्याने आधी स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी, नाहीतर हजारो नावांची यादी हाती पडेल आणि उत्साह मावळेल. एका दशकापुरते थांबावे, किंवा संघाकडून दहापेक्षा कमी सामने खेळलेल्यांपुरते, किंवा त्या संघाकडून कारकिर्दीतला एकमेव हंगाम खेळलेल्यांपुरते. 1981 नंतरच्या काळासाठी कंपन्या आणि संच दोन्ही भरमसाट वाढतात, त्यामुळे तिथे ‘प्रत्येक खेळाडूचे एकच कार्ड, शक्यतो त्या संघाच्या गणवेशातले’ एवढाच नियम पुरेसा आहे. मायनर लीगच्या संघांनी काढलेले छोटे संचही या काळात पुष्कळ आहेत आणि ज्यांना मेजर लीगचे कार्ड मिळाले नाही असे खेळाडू बहुधा तिथे सापडतात. विक्रेते ते खेळाडूच्या नावाने न लिहिता गावाच्या नावाने लिहितात, म्हणून शोध घेताना त्या संघाच्या मायनर लीगमधल्या गावांची नावे जवळ ठेवावीत.